दुकानातला फायटर एवढा बारका का?

मागचे दोन भाग आपण गप्पी आणि मॉली यांच्यावर घालवले. आज ज्या माशाकडे वळायचं आहे तो तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. तुम्ही इंदूरला राहा, हैदराबादला, बडोद्याला किंवा दिल्लीत, माशांच्या दुकानात शिरलात की काउंटरवर प्लॅस्टिकच्या पेल्यांची किंवा बरण्यांची रांग दिसते आणि प्रत्येकात एकेक रंगीत मासा असतो. दुकानदार त्याला ‘फायटर’ म्हणतो, पुस्तकात त्याचं नाव ‘बेट्टा’ असतं. (मी जोडाक्षर मुद्दाम लिहिते. माझ्या हिंदी भाषिक शेजारणीला मी एकदा ‘बेटा आजारी आहे’ असा निरोप पाठवला आणि ती पाच मिनिटांत काढ्याचं भांडं घेऊन दारात हजर झाली.)

या रांगेत नीट पाहिलंत तर एक गोष्ट खटकते. एका बरणीत करंगळीएवढा भरलेला मासा असतो, पिसारा असा की बरणी पुरत नाही, आणि शेजारच्याच बरणीत, तेवढ्याच किमतीला, नखाएवढा काहीतरी असतो. जात तीच, रंगही बऱ्याचदा तोच, मग हा एवढा बारका का? हे विचारलं की दुकानात तीन उत्तरं मिळतात. ‘बच्चा आहे, वाढेल’, ‘मादी आहे’ आणि ‘ही मिनी जात आहे, छोट्या बाऊलसाठी खास’. पहिली दोन कधी खरी असतात, कधी नसतात. तिसरं ऐकलंत तर पैसे खिशातच ठेवा. चौथं उत्तर दुकानात सहसा मिळत नाही. ते म्हणजे, हा मासा खुरटलेला आहे. आज मुख्यतः त्याच्याविषयी बोलायचं आहे.

आधी माप ठरवू. नर फायटरचं अंग, म्हणजे तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत, साधारण ४ ते ५ सेंटिमीटर भरतं. पिसारा धरला तर ६-७. दुकानात पिसाऱ्यासकट मोजतात, म्हणून आखूड शेपटीचा ‘प्लाकाट’ नेहमी लहान वाटतो आणि ‘हाफमून’ नेहमी मोठा. माप घेताना शेपटी विसरा. आणखी एक गणित लक्षात ठेवा. लांबी निम्मी म्हणजे मासा निम्मा नव्हे. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही निम्म्या होतात, म्हणून वजन एक अष्टमांश होतं. अडीच सेंटिमीटरचा पूर्ण वयाचा फायटर हा पाच सेंटिमीटरवाल्यासारखाच पण ‘जरा छोटा’ नसतो. आठातले सात भाग अंगावर चढलेलेच नसतात.

माद्यांचं लवकर आटपते. मादी नरापेक्षा थोडी लहान असते, पर आखूड असतात आणि पोटाखाली, पुढच्या परांच्या मागे, साबुदाण्याच्या कणासारखा एक पांढरा ठिपका दिसतो. अंडी तिथूनच बाहेर पडतात. हा ठिपका कधीकधी कोवळ्या नरातही दिसतो, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नका. पण मादी ‘थोडी’ लहान असते. नखाएवढी नसते.

पिल्लू आणि खुरटलेला मासा यांत फरक कसा ओळखायचा? डोळ्याकडे पाहा. उपाशी किंवा आजारी माशाचं अंग वाढायचं थांबतं तेव्हा डोळा त्याच प्रमाणात थांबत नाही, तो पुढे जात राहतो. परिणामी खुरटलेल्या माशाचा चेहरा डोळ्यांनीच भरलेला दिसतो, डोकं मोठं आणि त्यामागचं अंग निमुळतं. डोळा पिल्लाचाही मोठाच असतो, म्हणून सोबत परही बघा. दोन महिन्यांच्या पिल्लाचे पर आखूड आणि काहीसे पारदर्शक असतात, रंग पूर्ण चढलेला नसतो. उलट अंग एवढंसं, पण पिसारा पूर्ण लांबीचा, रंग पक्का, आणि आरसा दाखवला की गाल फुगवून पूर्ण वयाच्या नरासारखी ऐट, असं दिसलं तर ते पिल्लू नाही. त्याचं वय झालं आहे, अंग मात्र मागे राहिलं आहे.

आता हे होतं कसं ते पाहू. त्यासाठी या माशाच्या बाळपणात जावं लागतं, कारण निकाल बऱ्याच अंशी तिथेच लागतो.

फायटर मूळचा थायलंडचा. तिथली भातशेतं, दलदली, संथ ओहोळ हे त्याचं घर. तिथे त्याला ‘पला कत’ म्हणतात, म्हणजे चावरा मासा, आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी दिलं. अशा गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात जगायचं म्हणून त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या घड्यांचा एक अवयव असतो. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि त्या घड्यांमधून प्राणवायू रक्तात जातो. आपल्याकडची मरळ आठवा. बाजारात ओल्या पाटीत ती तासन् तास जिवंत राहते, कारण तिलाही वरची हवा वापरता येते. फायटर तिचा लांबचा नातलग. हा अवयव लक्षात ठेवा, पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

विणीच्या वेळी नर पाण्यावर लाळेच्या बुडबुड्यांचं घरटं करतो. मादीने सोडलेली अंडी बुडू लागली की तोंडात धरून एकेक वर नेऊन बुडबुड्यांत चिकटवतो. एका विणीत काही शे अंडी सहज असतात. दीड-दोन दिवसांत ती फुटतात, पिल्लं शेपटी खाली लोंबकळत ठेवून घरट्याला टांगलेली राहतात, आणि आणखी दोन-तीन दिवसांनी पोटातली पिवळ्या बलकाची शिदोरी संपली की आडवी होऊन पोहू लागतात.

इथे पहिली चाळण लागते. या पिल्लाचं तोंड इतकं लहान असतं की दुकानातली कुठलीही पावडर त्याला नीट गिळता येत नाही, आणि जे हलत नाही त्याकडे ते पाहतही नाही. त्याला जिवंत सूक्ष्मजीव लागतात. मी ते केळीच्या सालीच्या पाण्यात वाढवते. कुणी वाळलेली पानं वापरतात. मग आठवड्याभरात आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं किंवा मॉइना नावाचे पाणपिसू. थायलंडमधल्या मोठ्या शेतांवर मॉइना मोठ्या प्रमाणावर वाढवतात ते याचसाठी. पहिल्या आठवड्यात ज्या पिल्लाला पोटभर मिळालं ते पुढे सरकतं. ज्याला मिळालं नाही ते बहुतेक वेळा मरतं, आणि मरत नाही ते मागे पडतं.

दुसरी चाळण भावंडांची. एकाच दिवशी फुटलेल्या माझ्या एका विणीत सहाव्या आठवड्यात काही पिल्लं दोन सेंटिमीटरची होती आणि काही त्याच्या निम्मी. आई-बाप तेच, टाकी तीच, खाणं तेच. होतं असं की जे दोन दिवस पुढे असतं ते मोठा घास घेतं, मोठा घास घेतला म्हणून अजून पुढे जातं, आणि मग लहानग्यांना खाण्यापासून हुसकावू लागतं. कधी सरळ गिळतंही. धाकात वाढणाऱ्या पिल्लाच्या अंगात ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं आणि वाढीचं काम मागे पडतं. हे अनेक जातींच्या माशांत दिसलेलं आहे, फायटर तर स्वभावानेच दादागिरी करणारा. म्हणून चांगला विणकर (मी घरी पैदास करणाऱ्याला विणकरच म्हणते, हातमागवाल्यांनी माफ करावं) दर पंधरवड्याला पिल्लं आकाराप्रमाणे वेगळी करतो. मोठी एकीकडे, लहान दुसरीकडे. लहानांना धाक सुटला की त्यातली बरीचशी भरून निघतात. ज्याला वेळ नाही, जागा नाही, तो हे करत नाही आणि विणीच्या शेवटी तळाशी पन्नास-साठ बारके मासे उरतात. ते फेकून कोण देणार? तेही बाजारात जातात.

तिसरी गोष्ट बरणीची. दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांचे पर फाडायला लागतात, म्हणून त्यांना वेगळं करावं लागतं. हजार नरांना हजार टाक्या कोण देणार? थायलंडमध्ये त्यासाठी व्हिस्कीच्या चपट्या बाटल्या ओळीने लावलेल्या असतात, आपल्याकडे जॅमच्या बरण्या आणि प्लॅस्टिकचे पेले. इथेच तो घड्यांचा अवयव पुन्हा येतो. दुसरे बहुतेक मासे पाव लिटर शिळ्या पाण्यात गुदमरून मेले असते. फायटर वरची हवा घेतो म्हणून मरत नाही, आणि मरत नाही म्हणून त्याला बरणीत ठेवता येतं. त्याचा हा गुण त्याच्याच मुळावर येतो असं मला नेहमी वाटतं. कारण हवा घेता आली तरी अमोनिया टळत नाही. मासा आपल्या अंगातला बराचसा नत्रयुक्त कचरा कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. टाकीत तो विरळ होतो, गाळणीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात. बरणीत तो साचतो आणि कल्ले पोळतात. पाणी खराब होऊ नये म्हणून मालक काय करतो? खाणं कमी करतो. एका अर्थी शहाणपणाच आहे, पाणी बदलायला माणूस नसेल तर दुसरं करणार काय! पण ज्या वयात अंग वाढायचं त्याच वयात मासा अर्धपोटी आणि खराब पाण्यात राहतो. याउलट ज्या शेतावर बाटल्यांचं पाणी वेळच्या वेळी बदलतात आणि जिवंत खाणं देतात तिथे बाटलीतलेच नर चांगले भरतात. म्हणजे दोष नुसत्या बाटलीचा नाही, बाटलीमागच्या हातांचाही आहे.

यावरून एक समज निघाला आहे, तो इथेच मोडून टाकते. ‘मासा टाकीएवढाच वाढतो.’ मोठमोठी माणसं हे ठामपणे सांगतात, जणू माशाने फूटपट्टी लावून ठरवलं की आता बास. माशाला टाकीचं माप कळत नाही. त्याला पाण्याची अवस्था, अन्न, ऊब आणि शेजारी कळतात. लहान टाकीत या चारही गोष्टी बिघडतात म्हणून तो वाढत नाही. तो ‘जुळवून घेत’ नसतो, आजारी पडत असतो. बोन्सायची उपमा देणाऱ्यांना मी सांगते की चांगला बोन्साय करणारा माणूस त्या झाडाला रोज पाणी देतो.

ऊब म्हणाले, तर महाराष्ट्राबाहेरच्या, विशेषतः उत्तरेकडच्या मंडळींनी कान द्या. मासा थंड रक्ताचा, त्याचं पचन आणि वाढ पाण्याच्या तापमानावर चालते. फायटरला २६ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. मुंबई, चेन्नई, कोची इथे हे बहुतेक वर्षभर आपोआप मिळतं. मी राहते त्या बंगळुरात डिसेंबरच्या रात्री पारा १६ च्या आसपास येतो, आणि दिल्ली, इंदूर, नागपूरकडे त्याहून खाली. लिटरभर पाण्याला थंड व्हायला वेळ लागत नाही. २० अंशांखाली मासा तळाशी बसतो, खात नाही, खाल्लेलं पचत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असं गेलं तर चार महिन्यांच्या पिल्लाची ऐन वाढीची वेळ थंडीतच सरते.

आता रक्ताचा भाग. रंग किंवा शेपटीचा आकार पक्का करायचा तर विणकर भावाला बहीण देतो, मुलीला बाप देतो. दोन-तीन पिढ्या हे खपतं. तेच पुढे चालू ठेवलं तर विणी लहान होतात, पिल्लं अशक्त निघतात, पाठीचे कणे वाकडे होतात आणि अंगमान घटतं. ज्याला फक्त नवा रंग विकायचा आहे तो अंगाकडे पाहतच नाही. उलट दिशेनेही निवड झालेली आहे. ‘जायंट’ म्हणून मिळणारे फायटर थायलंडमधल्या विणकरांनी मोठे मासे निवडत निवडत तयार केले आणि ते नेहमीच्या फायटरच्या जवळपास दुप्पट होतात. म्हणजे आकारात वारशाचा वाटा नक्कीच आहे. जायंटच्या शेजारी ठेवला तर चांगला वाढलेला साधा मासाही खुरटलेला वाटतो, हेही दुकानात ध्यानात ठेवा.

२०२२ मध्ये एक मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळच्या जातींच्या माशांचे जनुकसंच वाचले तेव्हा दिसलं की पाळीव फायटरमध्ये जवळच्या इतर रानटी बेट्टा जातींचं रक्त मिसळलेलं आहे, आणि उलटही झालेलं आहे. तेव्हा दुकानातला फायटर हा एकाच शुद्ध घराण्याचा नाही. दोन बरण्यांतल्या माशांत थोडाफार फरक असणं साहजिक आहे. बेट्टाच्या काही रानटी जाती खरोखरच लहान असतात, अंगाने तीन-चार सेंटिमीटरच्या. पण त्या पातळ, काटकुळ्या, दलदलीच्या काळपट आम्लधर्मी पाण्यातल्या, आणि दिसायला या पिसारेवाल्यांसारख्या अजिबात नाहीत. पिसारा हाफमूनचा आणि अंग नखाएवढं, अशी कुठलीही ‘मिनी’ जात नाही. एका दुकानात मला असा मासा नेहमीच्या दीडपट किमतीला दाखवला होता, ‘मॅडम, टेबलावर ठेवायला एकदम फिट’ म्हणून. त्याचे डोळे त्याच्या अंगाला शोभत नव्हते.

यानंतर प्रवास. बँकॉकहून येणारे असोत, चेन्नईच्या कोळत्तूरमधून निघालेले असोत, पाठवण्याआधी माशाला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. हे बरोबरच आहे, नाहीतर पिशवीतल्या ओंजळभर पाण्यात तो स्वतःच्या विष्ठेत मरेल. पण मग घाऊक व्यापारी, मग कोलकात्याची गॅलिफ स्ट्रीट किंवा मुंबईचा कुर्ल्याचा बाजार, मग तुमच्या गल्लीतलं दुकान, आणि प्रत्येक टप्प्यावर पाणी स्वच्छ राहावं म्हणून पुन्हा उपास. पूर्ण वाढलेला मासा याने वाळतो, पण सावरतो. अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू या साखळीत शिरलं तर त्याच्या वाढीचे आठवडे पिशव्यांमध्येच जातात.

आजाराबद्दल थोडक्यात. पोटातले जंत आणि माशांचा क्षय या दोन्हींत मासा खातो पण अंगी लागत नाही. पाठ खचलेली, पोट आत गेलेलं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, असं दिसलं तर तो मासा इतर माशांच्या टाकीत सोडू नका. त्या पाण्यात हाताला जखम असताना हात घालू नका, माशांचा क्षय जखमेतून माणसाच्या त्वचेला होऊ शकतो.

मग असा बारका मासा घ्यावा की नाही? ‘बिचारा, याला मी वाचवते’ म्हणून घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना मी हसणार नाही. माझ्या दोन टाक्यांत असेच दोघे आहेत. पण दुकानदाराच्या वहीत ती फक्त एक विक्री असते, आणि रिकाम्या झालेल्या बरणीत उद्या तसाच दुसरा येतो. माझा अनुभव असा की घेण्याआधी दुकानदाराशी बोललं तर जास्त फरक पडतो. ‘दादा, याचं पाणी कधी बदललं?’ एवढं नेहमीच्या गिऱ्हाइकाने चारदा विचारलं की पाचव्यांदा बदललेलं असतं. आमच्या भागातल्या एकाने आता बरण्या काढून मोठ्या टाकीत जाळीचे कप्पे केले आहेत. त्याचे मासे कमी मरतात, म्हणून तोही खूश आहे.

घेतलाच तर हे करा. किमान १५ ते २० लिटरची टाकी, झाकण असलेली, कारण पाण्यावरची हवाही उबदार लागते. मंद प्रवाहाची गाळणी. गरज असेल तिथे छोटा हीटर. मासा आणण्याआधी गाळणी तीन-चार आठवडे चालवून जिवाणू तयार होऊ द्या, तेवढा धीर नसेल तर रोज थोडं पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच पाणी घाला. खाणं दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्याएवढं. हा मांसाहारी मासा आहे, त्याला पोळीचा चुरा किंवा बिस्किट घालू नका. आर्टेमिया, डॅफ्निया, चांगल्या प्रतीचे फायटरचे दाणे चालतात. ट्यूबिफेक्सच्या अळ्या गटारातून येतात, मी वापरत नाही. एकदम खूप घालून महिनाभरात भरून काढू असंही करू नका, सडलेल्या खाण्याने पाणीच बिघडेल.

माशांमध्ये उपासानंतर भरपाईची वाढ होते. खाणं नीट मिळू लागलं की काही काळ मासा नेहमीपेक्षा वेगाने वाढतो. चार-पाच महिन्यांच्या आतला, कणा सरळ असलेला मासा यात बराच पुढे जातो. ज्याचं वय झालं आहे, ज्याच्या अंगातली शक्ती आता वाढीऐवजी पुनरुत्पादनाकडे वळली आहे, तो लांबीला फारसा वाढत नाही. तो भरतो, पोट गोल होतं, रंग उजळतो, पण लहानच राहतो. त्याला विणीला मात्र लावू नका, खुरटणं खाण्याचं होतं की रक्तातलं हे बाहेरून सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी टाकीच्या काचेला बाहेरून एक पट्टी चिकटवा आणि मासा काचेजवळ आला की फोटो काढा. दर रविवारी एक. सहा आठवड्यांत अंगाची लांबी दोन-तीन मिलिमीटरने जरी सरकली, तर तुमच्याकडे आलेला मासा अजून वाढता आहे.